जिवे मारण्याची धमकी ‘अदखलपात्र’ कशी?

फोनवरून धमकी आल्याची तक्रार घेऊन पोलिस ठाण्यात गेलेल्या माणसाच्या हाती अनेकदा एक कागद पडतो. त्याला, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीला, सगळेच ‘एनसी’ म्हणतात. त्यावर तक्रारदाराचे नाव असते, धमकी देणाऱ्याचे नाव किंवा मोबाइल नंबर असतो, चार-सहा ओळींत हकिकत असते आणि शेवटी फिर्यादीला न्यायालयात दाद मागण्याची समज दिल्याची नोंद असते. ‘तुला जिवंत सोडणार नाही’, ‘मुलांची शाळा कुठली ते मला माहीत आहे’ असे शब्द ज्याने कानाने ऐकले, त्याला तो कागद घेऊन घरी परतावे लागते. घरी आल्यावर फोन पुन्हा वाजतो. दोष ठाणे अंमलदाराला देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण बहुतेक वेळा तो कायद्यात लिहिले आहे तेच करत असतो. धमकीला शिक्षा मोठी ठेवून तिची दखल घेण्याची वाट मात्र बंद करणारा कायदा, हे या दुखण्याचे मूळ आहे. जिवाची धमकी दखलपात्र गुन्ह्यांच्या यादीत आणल्याशिवाय ते दूर होणार नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३५१ व्या कलमात ‘फौजदारी स्वरूपाची धमकी’ हा गुन्हा आहे. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धमकी ठार मारण्याची, गंभीर दुखापत करण्याची किंवा मालमत्ता जाळण्याची असेल तर कैद सात वर्षांपर्यंत. नाव लपवून धमकी दिली तर आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद. एवढे वाचले तर कायदा कडक वाटतो. पण गुन्ह्याची दखल कोणी आणि कशी घ्यायची हे दुसऱ्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलेले असते. त्या तक्त्यात ३५१ व्या कलमाच्या तिन्ही शिक्षांपुढे एकच शेरा आहे : अदखलपात्र, जामीनपात्र. त्याच संहितेच्या १७४ व्या कलमाप्रमाणे अदखलपात्र गुन्ह्याची पोलिसांनी फक्त नोंद करायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. तपास नाही म्हणजे नंबर कोणाचा ते शोधणे नाही, कॉलचा तपशील मागवणे नाही, धमकी देणाऱ्याला जबाबासाठी बोलावणे नाही. सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा ठाण्याच्या वहीत जातो आणि तिथेच पडून राहतो.

ही विसंगती त्याच अनुसूचीने घालून दिलेल्या मापानेही टिकत नाही. अनुसूचीच्या दुसऱ्या भागात न्याय संहितेबाहेरच्या कायद्यांसाठी एक सरसकट नियम दिला आहे. गुन्ह्याला तीन वर्षे किंवा त्याहून जास्त कैद असेल तर तो दखलपात्र, त्याहून कमी असेल तर अदखलपात्र. म्हणजे इतर कोणत्याही कायद्यात सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा निर्माण केला आणि त्याच्या वर्गाबद्दल काहीच लिहिले नाही, तरी पोलिसांना तपास सुरू करता येतो. जिवाच्या धमकीला मात्र या मापातून वगळून वेगळे बसवले आहे. त्यामागचे कारण इतिहासात सापडते. मूळ दंड संहिता १८६० सालची. त्या वेळी टेलिफोनचा शोधही लागलेला नव्हता. मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. त्या काळातली धमकी साधारणपणे ओळखीच्या माणसाने, गावातल्या वादात, तोंडावर दिलेली असे. निनावी धमकी म्हणजे निनावी पत्र. भावकीतल्या बांधावरच्या भांडणात पोलिसांनी लगेच हात घालू नये, आधी दंडाधिकाऱ्याने पाहावे, हा विचार त्या जगात समजण्यासारखा होता. नव्या न्याय संहितेने व्याख्या करताना ‘कोणत्याही साधनाने’ दिलेली धमकी असे शब्द मुद्दाम घातले. म्हणजे फोन, संदेश, इंटरनेटवरचा कॉल हे सगळे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते. व्याख्या आजच्या काळात आणली आणि तक्ता दीडशे वर्षांपूर्वीच्या गावातच ठेवला.

शेजारचे कलम पाहिले की विसंगती अधिक बोचते. न्याय संहितेचे ३०८ वे कलम खंडणीचे आहे. खंडणी उकळण्यासाठी एखाद्याला इजेची भीती घातली, पैसे प्रत्यक्ष मिळाले नाहीत तरी, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे. आता दोन फोन शेजारी ठेवून पाहावेत. एका फोनवर कोणी म्हणतो, ‘पाच लाख दे, नाहीतर हातपाय तोडू.’ दुसऱ्यावर कोणी म्हणतो, ‘तुला मारूनच टाकणार आहे.’ पहिल्यात पोलिस त्याच दिवशी तपास सुरू करू शकतात. दुसऱ्यात जिवाचीच धमकी आहे, तरी त्यांचे हात बांधलेले. १९९० च्या दशकात मुंबईने खंडणीच्या फोनांचा काळ भोगला. बिल्डर, हॉटेलमालक, चित्रपट निर्माते यांना परदेशातून फोन येत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांची अंधेरीत भरदिवसा हत्या झाली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध ‘मकोका’ आणला. धमकीचा फोन ही पुढच्या रक्तपाताची आगाऊ सूचना असू शकते, हे राज्याने त्या काळात किंमत मोजून शिकून घेतले. पण तो धडा पैशाच्या मागणीपुरताच राहिला. ज्याच्याकडून पैसे नकोत, ज्याला फक्त घाबरवून गप्प करायचे आहे, साक्ष बदलायला लावायची आहे, घर सोडायला किंवा तक्रार मागे घ्यायला भाग पाडायचे आहे, त्याच्या वाट्याला एनसीचा कागद येतो. ग्रामपंचायतीच्या कारभाराची माहिती मागणारा कार्यकर्ता, वाळूउपशाची बातमी देणारा तालुक्याचा वार्ताहर, घटस्फोटाचा दावा लावलेली स्त्री, जातीबाहेर लग्न केलेले जोडपे, ही माणसे या रांगेत उभी आहेत.

तोंडावरची धमकी आणि फोनवरची धमकी यांच्यात फरक आहे, आणि तो फरक तातडीच्या तपासाकडेच बोट दाखवतो. तोंडावरच्या धमकीत समोरचा माणूस दिसतो. तो नशेत आहे की शुद्धीत, एकटा आहे की टोळीने आला आहे, हातात काही आहे का, हे कळते. फोनवर यातले काहीच कळत नाही. फोन करणारा शंभर मैलांवर असू शकतो किंवा जिन्याखाली. ऐकणाऱ्याला दोन्ही शक्यता धरून जगावे लागते. शिवाय फोन दाराबाहेर थांबत नाही. तो स्वयंपाकघरात, इस्पितळात, रात्री दोन वाजता उशाशी वाजतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर फोन मागे पुरावा ठेवतो, तसा तोंडी धमकीत क्वचितच मिळतो. कॉल कधी झाला, किती सेकंद चालला, कोणत्या टॉवरच्या परिसरातून आला, ही नोंद दूरसंचार कंपन्यांकडे असते आणि ती किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. पण बाकीचा पुरावा इतका धीर धरत नाही. दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, सिमकार्ड मोडून फेकले जाते, हँडसेट विकला जातो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलचा माग तर आणखी लवकर हरवतो. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळी यंत्रणा सुरू केली. नंबर लपवणे किती सोपे झाले आहे, हेच त्यातून दिसते. अशा गुन्ह्यात पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात, आणि एनसीच्या वाटेवर नेमके तेच दिवस वाया जातात.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार आपल्यापेक्षा पुढे नेला आहे. ब्रिटनमध्ये एका माणसाने तीन स्त्रियांना पुनःपुन्हा, मुख्यतः रात्री फोन केले. तो बोलत काहीच नसे. बचाव असा होता की शब्दच नाहीत तर हल्ला कसला? हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९७ मध्ये निकाल दिला की मौनानेही माणसाला तत्काळ हिंसेची भीती घालता येते आणि त्यातून जडलेला मानसिक आजार ही शरीराला झालेली इजाच आहे. कॅनडाने १९९३ मध्ये आपल्या फौजदारी संहितेत छळाचा स्वतंत्र गुन्हा घातला. एखाद्याला स्वतःच्या किंवा आप्तांच्या सुरक्षिततेची वाजवी भीती वाटेल अशा रीतीने पुनःपुन्हा संपर्क करणे हा त्याचा गाभा आहे, आणि बळी पुरुष की स्त्री हा भेद त्यात नाही. जपानचा अनुभव सर्वांत कडू आहे. १९९९ मध्ये साइतामा प्रांतातील ओकेगावा इथे एका विद्यार्थिनीचा खून झाला. तिने आणि तिच्या घरच्यांनी आधीच पोलिसांकडे छळाची तक्रार केली होती. पोलिसांनी ती गांभीर्याने घेतली नाही, तक्रारीच्या कागदातच फेरफार केल्याचेही उघड झाले. देशभर संताप उसळला आणि पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, जपानच्या संसदेने पाठलागविरोधी कायदा केला. नकार दिल्यावरही सतत केलेले फोन आणि मौन फोन त्यात स्पष्टपणे लिहिलेले आहेत. तिथे कायदा बदलायला एक जीव जावा लागला. आपण तशी वाट पाहण्याचे कारण नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की दार बंद नाही. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, शिवाय पोलिस प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती, करू शकतात. कागदावर दोन्ही खरे आहे. नव्या संहितेने तर अदखलपात्र तक्रारींच्या नोंदी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचे बंधनही घातले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. पण दंडाधिकाऱ्यांकडे जायचे म्हणजे वकील, फी, कामाचा खाडा आणि तारखा. तालुक्याच्या गावी जाऊन हे करणे रोजंदारीवरच्या मजुराला किंवा सासरी एकट्या पडलेल्या सुनेला किती शक्य आहे, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. पंधरा दिवसांनी पोहोचणारी नोंद आज रात्री वाजणारा फोन थांबवत नाही. चॅप्टर केसमध्ये हमीपत्र लिहून घेतात. त्यासाठी धमकी देणारा माणूस कोण हे आधी माहीत असावे लागते. निनावी नंबरावर हमीपत्र कोणाकडून घेणार? तो शोधायला तपास लागतो आणि तपासाचीच परवानगी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला पूर्ण आदराने उत्तर द्यायला हवे. पोलिसांना जास्त अधिकार दिले तर ते सत्ताधाऱ्यांच्या टीकाकारांवर वापरले जातील, ही ती भीती. महाराष्ट्राने हे पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्या वेळी गाजले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पण ते कलम का पडले हे लक्षात घ्यावे. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ अशा मोघम शब्दांवर ते उभे होते. कोणाला कशाचा त्रास होईल याला सीमाच नव्हती. जिवाची धमकी मोघम नसते. ‘तुझा खून करीन’ हे मत नाही, टीका नाही, विनोदही नाही. शिवाय धमकीच्या कलमाभोवती न्यायालयांनी कुंपण आधीच घातले आहे. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्या जोडप्यावरचा गुन्हा रद्द करताना माणिक तनेजा प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भीती घालण्याचा हेतू नसेल तर नुसत्या शब्दांनी हा गुन्हा होत नाही. नुसती शिवीगाळ म्हणजे फौजदारी धमकी नव्हे, हे विक्रम जोहर प्रकरणाने (२०१९) स्पष्ट केले. आणि दखलपात्र म्हणजे अटक असे समीकरण मांडणेही चूक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे अर्नेश कुमार प्रकरणात (२०१४) न्यायालयाने बजावले आणि ते आता संहितेतही आहे. म्हणून मागणी तपासाच्या अधिकाराची आहे. गुन्हा जामीनपात्रच राहू द्यावा. कोणालाही तुरुंगात टाकण्याची घाई नको. फोन कोणी केला ते शोधण्याची घाई हवी.

तिसरा आक्षेप पोलिसांच्या कामाच्या ओझ्याचा. भाऊबंदकी, शेजाऱ्यांची भांडणे, उधारीचे वाद यांत ‘बघून घेतो’ हे वाक्य रोज उच्चारले जाते. प्रत्येकाचा एफआयआर घ्यायचा तर ठाणी कोलमडतील. म्हणूनच सगळ्या धमक्या दखलपात्र करा, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. दोन वर्षांच्या शिक्षेची साधी धमकी आहे तिथेच राहू द्यावी. ठार मारण्याची, गंभीर दुखापतीची, घर पेटवण्याची धमकी आणि नाव लपवून दिलेली धमकी एवढ्याच वरच्या वर्गात आणाव्यात. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या काही गुन्ह्यांत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. तशीच सोय इथेही करता येईल, फक्त तेवढ्या काळात कॉलचा तपशील आणि चित्रण जपून ठेवण्याचे आदेश पहिल्याच दिवशी निघायला हवेत. खोट्या तक्रारीची भीती फोनच्या बाबतीत तर सर्वांत कमी असावी. कॉल झाला की नाही, कोणी कोणाला केला, हे कंपनीची नोंद सांगते. लवकर झालेला तपास निर्दोष माणसालाही लवकर मोकळे करतो.

काही जण म्हणतात, नंबर ब्लॉक करा, विषय संपला. ज्याची रोजीरोटी फोनवर चालते त्याला अनोळखी नंबर बंद करून चालत नाही, आणि धमकी देणारा दुसऱ्या सिमवरून परत येतो. धमकी ऐकू येणे बंद झाले म्हणजे धोका गेला असेही नाही. आणखी काही जण पाठलागाच्या कलमाकडे बोट दाखवतात. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालातून २०१३ मध्ये हा गुन्हा कायद्यात आला. आज तो न्याय संहितेचे ७८ वे कलम आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने पुनःपुन्हा संपर्क साधणे हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि अनेक स्त्रियांना त्याने आधार दिला आहे. पण एकदाच आलेली खुनाची धमकी त्यात बसत नाही आणि बळी पुरुष असेल तर ते कलम लागतच नाही. कर्जवसुलीच्या नावाखाली होणाऱ्या छळाचे उदाहरण घ्या. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. बेकायदा कर्जॲप चालवणारे ही वेळ पाळत नाहीत आणि कर्जदाराच्या फोनमधील ओळखीच्या लोकांनाही धमकावतात. त्यांच्या छळाला कंटाळलेला माणूस तरुण आहे की म्हातारा, पुरुष की स्त्री, यावर संरक्षण ठरू नये.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी नवा गुन्हा शोधावा लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाच्या तिसऱ्या आणि चौथ्या पोटकलमापुढचा ‘अदखलपात्र’ हा शब्द बदलून ‘दखलपात्र’ करावा. ही सूचना काही जगावेगळी नाही. जुन्या दंड संहितेच्या काळात १९३२ च्या एका दुरुस्ती कायद्याच्या आधारे काही राज्यांनी अधिसूचना काढून धमकीची कलमे आपल्या हद्दीत दखलपात्र ठरवली होती. गरज तेव्हाच ओळखली गेली होती. पण एका राज्यात एक आणि दुसऱ्यात दुसरेच, अशी ठिगळे जिवाच्या प्रश्नावर शोभत नाहीत. फोन एका राज्यातून येतो आणि दुसऱ्या राज्यात वाजतो. नव्या संहितेने कोणत्याही ठाण्यात हद्दीचा वाद न घालता ‘झिरो एफआयआर’ नोंदवण्याची सोय केली आहे, पण ती दखलपात्र गुन्ह्यांपुरतीच आहे. म्हणजे जिथे हद्दीचा प्रश्न सर्वांत जास्त येतो, त्या फोनवरच्या धमकीलाच तिचा उपयोग नाही. केंद्राने ही दुरुस्ती करावी. ती होईपर्यंत महाराष्ट्राला थांबण्याची गरज नाही. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे समवर्ती सूचीतले विषय आहेत. विधिमंडळ राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या शक्ती विधेयकात संपर्काच्या साधनांनी स्त्रियांना धमकावण्याविरुद्ध तरतूद होती, पण त्या विधेयकाला संमती मिळाली नाही. मोठ्या विधेयकात अनेक वादग्रस्त गोष्टी असतात. एका शब्दाच्या दुरुस्तीला तशी अडचण येण्याचे कारण नाही.

वाचकांसाठीही दोन शब्द. धमकीचा फोन आला तर कॉलची नोंद पुसू नका. तारीख, वेळ, नंबर आणि जमतील तेवढे नेमके शब्द लगेच कागदावर लिहून ठेवा. आलेले संदेश आणि ध्वनिमुद्रण जपा. ठाण्यात गेल्यावर पैशाची मागणी, पाठलाग, साक्षीवर दबाव असे काही घडले असेल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहायला सांगा, कारण एक जरी गुन्हा दखलपात्र निघाला तर सगळे प्रकरण दखलपात्र मानण्याची तरतूद १७४ व्या कलमात आहे. एनसी झाली तरी तिची प्रत घ्या. पुढे काही घडले तर तोच पहिला पुरावा ठरतो. हे सगळे आजच्या कायद्यात करता येण्याजोगे आहे, पण नागरिकाने कायद्याच्या फटींतून वाट काढावी ही व्यवस्था बरोबर नाही. आपल्या आमदार-खासदारांना या एका शब्दाबद्दल विचारा. ज्या गुन्ह्याला सात वर्षांची कैद सांगितली आहे, त्याची दखल पोलिसांनी त्याच दिवशी घेतली पाहिजे.